नऊ दिवस आणि आठ महिने : अचानक सुरू झालेल्या कर्णनादाचे एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण 43 वर्षांच्या एका मुद्रितशोधक बाईंचे आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. हे प्रकरण दुर्मीळ नाही. नेहमीचे आहे म्हणूनच मी, एक श्रवणतज्ज्ञ, ते सविस्तर लिहीत आहे. ज्याच्या कानात अचानक आवाज सुरू होतो त्याला एकाच वेळी दोन वेगळ्या गतींनी वागावे लागते : कानाच्या बाबतीत तातडीने आणि आवाजाच्या बाबतीत सबुरीने. बाईंच्या हातून नेमके उलटे घडले, आणि त्यात त्यांचा स्वतःचा दोष फार थोडा होता.

पहिले नऊ दिवस

एका पहाटे साडेतीनच्या सुमारास बारीक, सलग शिट्टीसारख्या आवाजाने त्यांना जाग आली. घरातले एखादे उपकरण बिघडले असावे असे समजून त्यांनी आधी पंखा बंद केला, मग फ्रिजचा प्लग काढला, शेजारच्या भिंतीला कान लावून पाहिला आणि अखेरीस मेन स्विच खाली ओढला. घर गप्प झाल्यावर तो आवाज कमी होण्याऐवजी अधिकच ठळक झाला आणि तो आपल्या डाव्या कानात आहे हे त्यांना तेव्हा उमगले. "सगळं घर बंद केलं तरी तो बंद होईना, तेव्हा पायांतलं बळच गेलं," असे त्यांनी पुढे सांगितले. त्या रात्रीची ही भीती लक्षात ठेवायला हवी, कारण पुढच्या कित्येक आठवड्यांचा त्रास तिच्यातूनच वाढत गेला.

सकाळी कानाला दडे बसल्यासारखे वाटत होते. अंघोळीचे पाणी गेले असेल किंवा मळ साचला असेल, अशा समजुतीने त्यांनी मळ मऊ करणारे थेंब पाच दिवस घातले. सहाव्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांनी कान पाहिला, त्यात थोडा मळ होता तो काढला आणि सर्दीमुळे असे होते, आठवड्याभरात जाईल, असा दिलासा दिला. मळ आणि सर्दी ही दोन्ही कारणे इतकी सर्रास आढळतात की हे निदान कोणालाही पटण्याजोगे होते. मात्र कान स्वच्छ झाल्यावरही दडे तसेच राहिले, या एका गोष्टीपाशी सर्वांनीच थांबायला हवे होते. मळामुळे बसलेले दडे मळ निघाल्यावर सुटतात; ते सुटत नसतील, तर बिघाड आणखी आत आहे अशी शंका घ्यावी लागते.

ऐकू कमी येते आहे हे बाईंच्या लक्षातच आले नव्हते. आवाज इतका मोठा वाटत होता की कानाची तक्रार म्हणजे केवळ तो आवाज, अशी त्यांची खात्री झाली होती. नवव्या दिवशी छापखान्यातून फोन आला. उजव्या हातात पेन असल्यामुळे त्यांनी फोन डाव्या कानाला लावला आणि 'पान साठ'वरची चूक सांगितली जात असताना 'पान आठ' काढून ठेवले. दोनदा खुलासा करूनही घोटाळा मिटेना, तेव्हा त्यांनी फोन उजव्या कानाला लावला आणि 'स' ऐकू आला. या व्यंजनाची ओळख पटवणारी ऊर्जा प्रामुख्याने वरच्या कंप्रतांमध्ये, म्हणजे बारीक, उंच स्वरांच्या पट्ट्यात असते. त्या कंप्रतांचे श्रवण गेले की माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द नीट लागत नाहीत. बाई त्याच दुपारी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेल्या, हे त्या साठ-आठच्या घोटाळ्याचे उपकारच म्हणायचे.

तपासण्या आणि उपचार

तज्ज्ञांनी प्रथम नादकाटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला. बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असेल, तर हा नाद बिघडलेल्या कानात मोठा जाणवतो. आतला कान किंवा त्याची नस बिघडली असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. बाईंना तो उजवीकडे, म्हणजे चांगल्या कानात ऐकू आला. एका मिनिटाच्या या चाचणीने मळाचा आणि सर्दीचा तर्क निकालात निघाला. लगेच केलेल्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणाच्या आलेखात, उजवा कान सर्वत्र 10 ते 15 डेसिबलवर होता (यात आकडा जितका मोठा तितके श्रवण कमी). डाव्या कानाची पातळी 2000 हर्ट्झपर्यंत जवळपास तशीच, मात्र 3000 हर्ट्झला 45, 4000 ला 50 आणि त्यापुढे 55 डेसिबलपर्यंत घसरलेली होती.

लागोपाठच्या किमान तीन कंप्रतांमध्ये 30 डेसिबल किंवा त्याहून अधिक घट 72 तासांच्या आत झाली, तर तिला आतल्या कानाचा आकस्मिक बहिरेपणा मानले जाते, आणि ती वैद्यकीय तातडी असते. अनेकदा त्याचे कारण सापडत नाही. या प्रकरणातही सापडले नाही. तोंडावाटे स्टिरॉइड द्यायचे झाल्यास ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करावे, असे अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीची 2019ची मार्गदर्शिका सांगते, आणि जितके लवकर तितके बरे हा व्यवहारातला संकेत आहे. बाईंची रक्तशर्करा आणि रक्तदाब पाहून त्यांना नवव्या दिवशी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झाले, म्हणजे मुदतीच्या आत, पण उत्तरार्धात. बिघाड एकाच कानात असल्यामुळे श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय काढला. तो निर्दोष निघाला.

महिन्याअखेरच्या ऑडिओग्राममध्ये 3000 हर्ट्झची पातळी 20 डेसिबलपर्यंत परत आली होती. 4000 ला 35 आणि त्यापुढे 45 डेसिबल अशी घट उरली. हे श्रवण स्टिरॉइडने परत आले की आपोआप, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही, कारण बऱ्याच जणांचे श्रवण उपचारांविनाही काही अंशी परतते. आवाज मात्र जसाच्या तसा होता.

त्या भेटीत त्यांना सांगण्यात आले : "आता कानासाठी करण्यासारखं काही नाही. आवाजाची सवय करून घ्या." या वाक्यात खोटे काही नाही, तरीही हे वाक्य ऐकून आलेले रुग्ण माझ्याकडे ज्या अवस्थेत पोहोचतात ती पाहता ते वाक्य आहे तसे उच्चारूच नये, असे माझे मत झाले आहे. सवय होणे ही मेंदूत आपसूक घडणारी प्रक्रिया आहे. 'करून घ्या' म्हटले की ती आज्ञा होते, आणि सवय झाली का, हे तपासण्यासाठी माणूस दर तासाला आवाजाकडे कान लावून बसतो.

पाचव्या आठवड्यातील चित्र

बाई माझ्याकडे पाचव्या आठवड्यात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक वही होती. तीत त्यांनी आवाजाला दर तासाला शून्य ते दहा असे गुण दिले होते. मुद्रितशोधकाचा पेशाच असा की शंभर ओळींतल्या नव्याण्णव निर्दोष ओळींवरून नजर घसरून एका चुकीवर थांबली पाहिजे. वीस वर्षे कमावलेले हे कसब आता त्या आवाजावर चालत होते. वहीत एकही तास सुटलेला नव्हता. रात्री दोन आणि चारच्या नोंदीही होत्या.

वहीखेरीज आणखी तीन गोष्टी चालू होत्या. उरलेला कान तरी वाचावा म्हणून दिवसभर दोन्ही कानांत इअरप्लग होते. मोठ्या आवाजाची भीती वाटून त्यांनी घरातला रेडिओ, मिक्सर आणि पाहुणे या तिन्हींना आवर घातला होता. आणि ओळखीच्या लोकांनी सुचवलेल्या गिंकोच्या, झिंकच्या आणि मेलाटोनिनच्या गोळ्या सुरू होत्या. या तिन्हींची कर्णनादासाठी शिफारस करू नये, असे त्याच अकादमीची 2014ची मार्गदर्शिका सांगते. बीटाहिस्टीन हे चक्करेवरचे औषधही कोणीतरी लिहून दिले होते. त्यांना चक्कर कधीच आली नव्हती, आणि केवळ कर्णनादासाठी ते देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2020ची मार्गदर्शिका म्हणते. ज्या गतीने पहिल्या दोन दिवसांत तज्ज्ञांकडे जायला हवे होते, ती सगळी गती आता गोळ्यांमागे लागली होती.

त्यांचे यजमान सोबत आले होते. ते रोज सकाळी चहाआधी विचारत, "आज आवाज कसा आहे?" त्यांची माया खरी होती. पण जाग येताच जी पाच-दहा मिनिटे बाईंचे लक्ष कदाचित दुसरीकडे राहिले असते, ती या प्रश्नात जात.

कर्णनादाचा आयुष्यावर होणारा परिणाम मोजणारी 25 प्रश्नांची एक सुप्रसिद्ध प्रश्नावली आहे. तीत 0 ते 100 गुण मिळतात आणि जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. बाईंना 64 मिळाले, म्हणजे तीव्र गट. त्यानंतर यंत्रावरचे स्वर ऐकवून त्यांच्या आवाजाशी जुळणारा स्वर शोधला. तो 6000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे श्रवण जिथे गेले होते नेमक्या त्याच पट्ट्यात होता, आणि त्याची पातळी त्यांच्या श्रवणाच्या उंबरठ्यापेक्षा, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीपेक्षा, अवघी 6 डेसिबल वर होती. आकडा सांगितल्यावर बाई दुखावल्या. "म्हणजे मी उगाच कांगावा करतेय?" असे त्यांनी विचारले. हा धोका मला ठाऊक असायला हवा होता. जुळवलेली पातळी इतकी कमी निघणे हे नेहमीचेच आहे. आवाज किती मोठा आणि त्रास किती मोठा, यांचा संबंध फार सैल असतो. हे आकड्याच्या आधी सांगायचे असते, मी ते नंतर सांगितले.

त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कानाविषयीचा नव्हता. पाच आठवडे झोप नाही, काम बंद आणि गुण तीव्र गटात, अशा वेळी जिवाचे काही बरे-वाईट करावेसे वाटते का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे लागते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बाई थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मरावंसं वाटत नाही. पण असं जगावंसंही वाटत नाही." त्यांच्या संमतीने यजमानांना हे सांगितले आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. त्या भेटीत ताबडतोबीचा धोका आढळला नाही, पण नैराश्याची सुरुवात आढळली.

समजावणी

आवाज म्हणजे कान आतून झिजत असल्याची खूण, आणि तो चालू आहे तोवर झीजही चालू आहे, असे बाईंनी मनात पक्के केले होते. त्यामुळे प्रत्येक तास त्यांना नुकसानीचा वाटे. पहिले काम ही समजूत हलवण्याचे होते.

आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात सूक्ष्म केशपेशी असतात. त्या ध्वनिकंपनांचे विद्युतसंदेश करून नसेत पाठवतात. काही पेशी निकामी झाल्या की त्या पट्ट्यातले संदेश रोडावतात. मेंदूतील श्रवणकेंद्रे ही तूट भरून काढण्यासाठी आपली संवेदनशीलता वाढवतात, आणि मग नसांमध्ये एरवीही चालू असलेली किरकोळ हालचाल ध्वनी म्हणून जाणवू लागते, हे आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे. रेडिओचे केंद्र अंधुक लागले म्हणून आवाज वाढवत न्यावा आणि खरखर मोठी व्हावी, तसा हा प्रकार. खरखरीमुळे रेडिओ बिघडत नाही.

बाईंना उपमेपेक्षा प्रयोग अधिक पटले. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी व्यवस्थित ऐकू येणाऱ्या 80 प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा 94 टक्के लोकांनी कसले ना कसले आवाज ऐकू आल्याचे सांगितले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात 18 निरोगी व्यक्तींनी सात दिवस एका कानात इअरप्लग घातला. त्यांपैकी 14 जणांना काल्पनिक आवाज ऐकू येऊ लागले आणि प्लग काढल्यावर ते गेले. दुसरा प्रयोग ऐकताच बाईंनी आपल्या कानांतले इअरप्लग काढून टेबलावर ठेवले. ज्या शांततेला त्या औषध समजत होत्या, ती त्या आवाजाला खतपाणी घालत होती.

योजना आणि तिची वाटचाल

इअरप्लग पूर्ण बंद केले नाहीत, त्यांची जागा ठरवली. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही कामाच्या ठिकाणासाठी अनेकदा सुचवली जाणारी मर्यादा आहे आणि तिच्यानुसार दर 3 डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्याहून मोठ्या गोंगाटात प्लग घालायचे, घरात नाही. खोलीत पावसाचा किंवा पंख्याचा मंद ध्वनी ठेवायचा, तोही कर्णनाद झाकून टाकण्याइतका मोठा नव्हे, तर दोन्ही शेजारी शेजारी ऐकू येतील इतका. पूर्ण झाकलेल्या आवाजाची मेंदूला सवय होण्याचा प्रश्नच येत नाही, हा यामागचा विचार. गोळ्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून बंद झाल्या. यजमानांनी सकाळचा प्रश्न सोडला.

वही सोडवणे सर्वांत कठीण गेले. तिसऱ्या दिवशीच बाईंनी मागच्या पानावर पुन्हा गुण लिहायला सुरुवात केली आणि तसे प्रामाणिकपणे सांगितलेही. वहीवर बंदी घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिच्यातला प्रश्न बदलला. आवाज किती होता, याऐवजी आवाजामुळे आज कोणते काम राहिले आणि आवाज असूनही कोणते झाले, एवढेच रविवारी एकदा लिहायचे ठरले. पहिल्या रविवारच्या नोंदीत राहिलेल्या कामांची यादी लांबलचक होती आणि झालेल्या कामांत एकच ओळ होती : 'बहिणीशी चाळीस मिनिटे बोलले, आवाज आठवला नाही.' त्या ओळीवर आम्ही पुढची संपूर्ण भेट बोललो.

मानसोपचारतज्ज्ञांनी बोधात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे त्रास वाढवणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची, आठ सत्रे घेतली. कर्णनादाच्या त्रासावर या उपचाराइतका पुरावा दुसऱ्या कशालाही नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020च्या आढाव्यात 28 अभ्यास आणि 2733 रुग्ण होते, आणि निष्कर्ष असा की आयुष्यावरचा परिणाम या उपचाराने कमी होऊ शकतो. आवाज कमी होतो, असे तो आढावा म्हणत नाही. झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की केली; वीसेक मिनिटे झोप लागली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात दुसरे काही करत बसायचे आणि घड्याळ भिंतीवरून उतरवायचे. दहाव्या आठवड्यात डाव्या कानाला उघड्या घुमटीचे, म्हणजे कान पूर्ण बंद न करणारे, श्रवणयंत्र लावून पाहिले. बाई आधी नाखूश होत्या, पण गेलेला पट्टा थोडा परत मिळताच त्या खोलीत कागद सरकल्याचा आवाज आला म्हणून मागे वळल्या.

अकराव्या आठवड्यात खरी परीक्षा झाली. बाईंना सर्दी झाली, डाव्या कानाला पुन्हा दडे बसले आणि आवाज दुपटीने वाढल्यासारखा वाटला. त्या सकाळी आठ वाजता दाराशी हजर होत्या. आधी नऊ दिवस थांबलेली व्यक्ती आता दोन तासही थांबली नव्हती, आणि ते अगदी बरोबर होते. ऑडिओग्राम त्याच तासात केला. आतल्या कानाची पातळी जुन्याच जागी होती. पडद्यामागचा दाब सर्दीने उतरला होता, एवढेच. निकाल हाती दिल्यावर मी त्यांना सांगितले की तातडीचा भाग इथे संपला, आता सर्दी जाईपर्यंत आवाजाकडे काहीही करायचे नाही. त्या दिवसापासून ही विभागणी त्या स्वतः करू लागल्या. ऐकू कमी येते का, चक्कर येते का, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो का, चेहरा वाकडा किंवा बधिर वाटतो का, हे चार प्रश्न त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिले. एकाचेही उत्तर 'होय' असेल तर लगेच डॉक्टर. चारही 'नाही' असतील, तर वही मिटायची.

सहाव्या महिन्यानंतर

सहा महिन्यांनी प्रश्नावलीचे गुण 64 वरून 22 वर आले, म्हणजे सौम्य गटात. आवाज पुन्हा यंत्रावर जुळवला, तेव्हा तो तोच 6000 हर्ट्झ आणि उंबरठ्यापेक्षा 5 डेसिबल वर निघाला. या वेळी आकडा त्यांनी स्वतः मागून घेतला. मोजमापात जवळजवळ काहीच बदललेले नव्हते.

यातल्या कोणत्या गोष्टीने किती काम केले, हे वेगळे काढता येणार नाही. काळ, उपचाराची सत्रे, श्रवणयंत्र आणि इअरप्लग सोडणे हे सर्व एकाच काळात चालले होते. शिवाय अनेक लोकांमध्ये पहिल्या काही महिन्यांत त्रास आपोआपही ओसरतो. माझा स्वतःचा कल वहीतला प्रश्न बदलण्याकडे झुकतो, पण तो अनुभवातून आलेला कल आहे, पुरावा नव्हे.

सगळे पूर्ववत झालेले नाही. बाई रात्री दहानंतर मुद्रिते हाती घेत नाहीत, कारण त्या शांततेत आवाज अजून त्यांच्या ओळींमध्ये शिरतो. गर्दीत डाव्या बाजूने बोललेले त्यांना पुन्हा विचारावे लागते. आठव्या महिन्याच्या तपासणीसाठी त्या ध्वनिरोधक कक्षात बसल्या. पहिल्या चाचणीच्या वेळी यंत्राचा स्वर कोणता आणि स्वतःचा कोणता, हे न कळून त्यांनी भलत्याच वेळी बटण दाबले होते आणि स्वर तुटक करून ती चाचणी दोनदा घ्यावी लागली होती. या वेळी एकही बटण चुकले नाही. बाहेर आल्यावर त्यांनी पुढची तारीख विचारली, ती वहीत लिहिली, आणि ऑडिओग्रामच्या छापील अर्जावर 'कंप्रता' हा शब्द दोन ठिकाणी चुकीचा छापला आहे, असे मला दाखवून दिले.